निसळ मॅडमचा चाळीस मिनिटांचा पाठ

अरुंधती निसळ यांना इंग्रजी येतं की नाही, हा प्रश्न त्यांच्या वयाच्या एकावन्नाव्या वर्षी निघाला, आणि तो काढला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने. तोवर तो कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. संत तुकाराम नगरातल्या एका मराठी शाळेत मॅडम सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या. एवढ्या काळात पाच-सहा हजार मुलांना त्यांनी 'अ', 'ॲन' आणि 'द' यांतला फरक समजावून दिला होता, आणि त्यातल्या दोन-तीनशे जणांना तो कळलाही होता. शाळेचं इंग्रजी पत्र असो, सोसायटीची नोटीस असो की शेजारच्या मुलाचा नोकरीचा अर्ज, निसळ मॅडमच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद पुढे सरकत नसे. आणि आता विद्यापीठ विचारत होतं, आपल्याला इंग्रजी येत असल्याचा काही पुरावा?

अभ्यासक्रमाचं नाव लांबलचक होतं. इंग्रजी ज्यांची भाषा नाही अशांना इंग्रजी कसं शिकवावं, याची पदव्युत्तर पदविका. दीड वर्षाची, घरबसल्या, संगणकावर. ती मॅडमना कशासाठी हवी होती, हे त्या कुणाला धड सांगू शकत नव्हत्या. बढतीसाठी नाही, कारण शाळेत बढतीची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर बसलेल्या बाई मॅडमपेक्षा चार वर्षांनी लहान होत्या. परदेशी जायचं म्हणूनही नाही. खरं सांगायचं तर त्यांना एकदा कुणाच्या तरी वर्गात बसायचं होतं. फळ्याकडे पाठ करून नव्हे, तोंड करून. पण असं कारण सोसायटीच्या जिन्यात उभं राहून सांगता येत नाही.

पुराव्यासाठी त्या आपल्या जुन्या कॉलेजात गेल्या. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं, एवढं एका ओळीचं पत्र मिळालं असतं तर भागत होतं. खिडकीतल्या क्लार्कने मळकट रजिस्टर काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"माध्यम मराठी लिहिलंय, मॅडम."

"अहो, पण माझा स्पेशल विषय इंग्रजी होता."

"विषय इंग्रजी. माध्यम मराठी."

"म्हणजे इंग्रजी नाटकं मी मराठीतून शिकले की काय?"

"ते मी कसं सांगणार? मी तेव्हा नव्हतो." मग त्याला त्यांची दया आली असावी. "मराठी माध्यमाचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर आत्ता देतो. शिक्का तयार आहे."

मग राहिली परीक्षा. इंग्रजी येत असल्याची परीक्षा घेणारं एक केंद्र पिंपरीत होतं. तिथे मॅडम गेल्या तेव्हा बाकी सगळे उमेदवार विशी-बाविशीतले होते आणि त्यांतला एक, मिहिर नावाचा, मॅडमचाच विद्यार्थी निघाला. दहावीला त्याला इंग्रजीत अडतीस पडले होते, तेही मॅडमनी पेपर दोनदा तपासून. तो धावत आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मॅडम, सुपरव्हिजनला का?"

मॅडम 'हो' म्हणाल्या. पुढे ओळीत आपल्या शेजारच्याच संगणकावर बसलेल्या मॅडमना पाहून मिहिरच्या चेहऱ्यावर जे भाव आले, ते मॅडम पुढची दीड वर्षं विसरू शकल्या नाहीत.

निकाल आला. वाचन उत्तम, ऐकणं उत्तम, बोलणं चांगलं. लेखनात मात्र अर्धा गुण कमी पडला. मैत्रिणीला गावी बोलवायचं पत्र लिहायचं होतं आणि मॅडमनी त्याची सुरुवात 'सविनय निवेदन की' याच्या चोख इंग्रजी भाषांतराने केली होती. मिहिरचा मेसेज आला, लेखनात त्याला त्यांच्यापेक्षा एक गुण जास्त होता. 'सगळं तुमच्यामुळे मॅडम,' असंही त्याने लिहिलं होतं. या वाक्यावर आनंद मानावा की नाही, हे मॅडमना अजून ठरवता आलेलं नाही.

विद्यापीठाने अर्ध्या गुणाकडे काणाडोळा केला आणि प्रवेश दिला. ईमेलने ओळखपत्र आलं. मॅडमनी ते झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलं, लॅमिनेशन केलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. कुणाला दाखवलं नाही. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सात वाजता त्या लॅपटॉपपुढे बसू लागल्या. पडद्यावर ब्राझीलची एक मुलगी, तुर्कस्तानचा एक मास्तर, आणखी आठ-दहा चौकोन, आणि मधोमध हेलन नावाच्या प्राध्यापिका. हेलनबाईंच्या मागच्या खिडकीत एक झाड दिसायचं. पावणेदोन महिन्यांत त्या झाडाची पानं पिवळी झाली आणि गळली. मॅडमनी मोबाइलवर त्या गावाचं हवामान लावून ठेवलं होतं. बाहेर पिंपरीचं ऊन मी म्हणत असायचं, आणि भाजी निवडता निवडता त्या म्हणायच्या, "तिकडे आज धुकं आहे हं."

"असेल," त्यांचे यजमान प्रभाकरराव म्हणायचे. प्रभाकरराव चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटी विभागात होते. आयुष्यभर वस्तू मोजून बरोबर की चूक ठरवलेला माणूस. धुकं मोजता येत नाही म्हणून ते त्याबद्दल मत देत नसत.

विद्यापीठाच्या वाचनालयाच्या पायऱ्यांचा एक फोटो होता. त्यावर मुलं पुस्तकं मांडीवर घेऊन बसलेली. मॅडम तो फोटो उघडून बघत राहायच्या. कुठल्या पायरीवर बसलं तर ऊन लागणार नाही, याचाही त्यांनी विचार केला होता. मग लक्षात यायचं की तिथे लोक उन्हासाठीच बसतात.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. दुसऱ्या सत्रात कळलं की प्रत्यक्ष शिकवूनही दाखवायचं आहे. किमान सहा प्रौढ विद्यार्थी, ज्यांना इंग्रजी येत नाही असे. आठवड्याला एक तास. आणि शेवटी चाळीस मिनिटांचा एक पाठ, जो हेलनबाई मोबाइलवरून तिकडे बसून पाहणार.

इंग्रजी न येणारी सहा माणसं पिंपरी-चिंचवडात शोधणं म्हणजे इंद्रायणीच्या काठावर पाणी शोधण्यासारखं, असं कुणालाही वाटेल. मॅडमनाही वाटलं. त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर सुबक अक्षरात कागद लावला: सहा प्रौढ विद्यार्थी पाहिजेत, शिकवणी विनामूल्य. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन उद्धवराव घरी आले.

"वहिनी, 'प्रौढ' शब्द लोकांना लागलाय," ते चहा घेत म्हणाले. "आणि 'विनामूल्य' म्हटल्यावर लोकांना शंका येते. त्यात तुम्हाला हॉल लागणार. हॉल आपल्या नियमावलीत हळदीकुंकू, बारसं, वाढदिवस आणि वार्षिक सभा यांसाठी आहे. शिक्षण त्यात बसत नाही."

"मग ते बसवायला काय करावं लागेल?"

"ठराव. वार्षिक सभेत. ती झाली गेल्याच महिन्यात." उद्धवरावांनी बशी खाली ठेवली. "तुम्ही असं करा, पहिल्या दिवशी बारसं आहे म्हणा."

शेजारच्या कुसुमताईंनी वेगळाच मार्ग सुचवला. "अरुंधती, लोकांना इंग्रजी नको झालंय गं. माझी भाची बिनअंड्याचा केक शिकवते, जिन्यापर्यंत रांग लागते. तू केक इंग्रजीतून शिकव."

अखेर प्रभाकररावांच्याच दिवाणखान्यात वर्ग भरला. चार जण आले. चौघांनाही इंग्रजी येत होतं. चौघेही निवृत्त होते आणि शिकायला नव्हे, तर मदत करायला आले होते. एकाने पहिल्या दहा मिनिटांत मॅडमची एक शब्दयोगी अव्ययाची चूक काढली. दुसऱ्याने ती चूक नाही असं सिद्ध करायला तिसऱ्या दिवशी शब्दकोश आणला. त्या दोघांचं बोलणं अजून बंद आहे. हेलनबाईंना पाठवलेल्या अहवालात मॅडमनी लिहिलं, 'विद्यार्थ्यांची पातळी अपेक्षेपेक्षा वरची आढळली.'

त्या आठवड्यात मॅडमनी हवामान सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रभाकरराव जेवताना म्हणाले, "आमच्याकडे पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. बस साडेचारला. मधला तासभर लोक कँटीनमध्ये बसून असतात. इंग्रजी कुणालाच येत नाही, हे मी खात्रीने सांगतो."

कंपनीत माणसाला शिरणं हे माल शिरण्यापेक्षा अवघड असतं. मालाबरोबर चलनाचा कागद असतो. शिक्षिकेसाठी फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून मॅडमची नोंद 'सप्लायर' अशी झाली, आणि 'कशाचा पुरवठा' यापुढे गेटवरच्या दत्तोबांनी विचार करून 'इंग्रजी' लिहिलं. दत्तोबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मॅडमना हेल्मेट दिलं, पुढे लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज दिले, जे दोन नंबरांनी मोठे होते, आणि विचारलं, "मॅडम, ड्यूटी संपल्यावर मी पण बसू का?"

असे सहा झाले. दत्तोबा, फोर्कलिफ्ट चालवणारा बीडचा नवनाथ, असेंब्लीतले तिघं आणि कँटीनचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मोशीच्या छबूबाई. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, तुम्हाला इंग्रजी कशासाठी शिकायचंय? पुस्तकात हा प्रश्न आधी विचारायला सांगितला होता.

नवनाथ म्हणाला, "बाहेरून साहेब येत्यात, माझ्याच गाडीपुढं उभं राहून बोलत्यात. चांगलं बोलत्यात का वाईट, तेवढं कळलं तरी बास."

छबूबाई हात पुसत म्हणाल्या, "मला येकच वाक्य पायजे. ही ऑडिटची मान्सं तेलकट बूट घालून माझ्या सैपाकघरात येत्यात. मराठीत सांगितलं तर हसत्यात आन पुढं जात्यात. 'बूट काढा' याचं काय ते सांगा. बाकीचं इंग्रजी तुमी यांना द्या."

मॅडमनी सांगितलं. छबूबाईंनी ते वाक्य पाठ केलं आणि त्या परत कणिक मळायला गेल्या. मग दर वेळी वर्गात बसून कांदा चिरू लागल्या, कारण ऐकायला हरकत नव्हती.

आता इथे पदव्युत्तर पद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. तिच्यानुसार वर्गात मातृभाषा बोलायची नाही, आणि शिक्षकाने एकूण वेळेच्या तीस टक्क्यांहून जास्त बोलायचं नाही. बाकी विद्यार्थ्यांनी बोलायचं. मॅडमचा आजवरचा आकडा अठ्ठ्याण्णव होता, आणि उरलेल्या दोन टक्क्यांत मुलं 'यस मॅडम' म्हणत. तरीही निश्चयाने त्या गप्प उभ्या राहिल्या. हसऱ्या चेहऱ्याने सगळ्यांकडे बघत राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. शेवटी छबूबाई उठल्या आणि लिंबू-सरबत घेऊन आल्या.

"मॅडम, तुमाला बरं न्हाई का?" नवनाथने हळूच विचारलं. "पंखा इकडं करू?"

भूतकाळ खुणेने शिकवायचा होता. मॅडमनी हात खांद्यावरून मागे नेऊन 'काल, काल' असं दाखवलं. नवनाथचे डोळे चमकले. "रिव्हर्स," तो म्हणाला. सगळ्या वर्गाने मान डोलावली. पुढचा आठवडाभर त्या कँटीनमध्ये भूतकाळाला रिव्हर्स असंच म्हणत होते, आणि खरं तर ते काही चुकीचं नव्हतं.

एक गोष्ट मॅडमनी घरी सांगितली नाही. बुधवार आला की त्यांना सकाळपासून बरं वाटायचं. शाळेत मुलं शिकत असत, कारण शाळा होती. इथे पाळी संपवलेली माणसं, हातांना तेलाचा वास, डोळ्यांत झोप, वही उघडून बसत होती. आपल्याला जे वाचनालयाच्या पायऱ्यांकडे बघून वाटतं, तेच या लोकांना आपल्या फळ्याकडे बघून वाटतं की काय, अशी शंका मॅडमना आली आणि त्या जरा घाबरल्या.

परीक्षेचा पाठ ठरला. विषय, हॉटेलात जेवण मागवणे. मोबाइल मसाल्याच्या डब्यावर टेकवला. पलीकडे हेलनबाई वही घेऊन बसल्या. दत्तोबा वेटर झाले, नवनाथ गिऱ्हाईक झाला, आणि तो 'आय वुड लाइक' इथपर्यंत पोहोचला असताना दार उघडून नऊ माणसं आत आली. मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट दुसऱ्या दिवशी होतं. तपासणारे एक दिवस आधीच आले होते. चार परदेशी, पाच आपले, आणि त्यांत सर्वांत मागे पांढरेफटक पडलेले प्रभाकरराव.

मंडळी सरळ स्वयंपाकघराच्या दिशेने निघाली. छबूबाई विळी सोडून उठल्या आणि उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"प्लीज रिमूव्ह युवर शूज," त्या म्हणाल्या.

उच्चार स्वच्छ, आवाज शांत. पुढचा उंच गोरा गृहस्थ थबकला, 'ऑफ कोर्स' म्हणाला आणि वाकून बूट काढू लागला. त्याचं पाहून बाकीच्यांनी काढले. नऊ जोड्या स्वयंपाकघराच्या दारात ओळीने लागल्या. छबूबाई बाजूला झाल्या.

आता कारखान्याचा पहिला नियम असा, की आवारात कुणीही, कुठेही, कोणत्याही कारणाने सेफ्टी शूज काढायचे नाहीत. तो नियम दर दहा पावलांवर पिवळ्या पाटीवर लिहिलेला होता, आणि पाहुणे तो पाळला जातो का, हेच बघायला आले होते. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पायमोज्यांनी चालताना त्यातला एक जण घसरला आणि चिरलेल्या कांद्याच्या घमेल्यात बसला. लागलं काही नाही. पण बाहेर आले तेव्हा सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी होतं, आणि प्रभाकररावांच्या डोळ्यांतलं कांद्याचं नव्हतं.

ऑडिटच्या अहवालात क्वालिटी विभागाच्या नावावर एक मोठा दोष लागला. 'कँटीनच्या आवारात अन्य उपक्रम बंद' असं पत्र निघालं. हेलनबाईंचा अभिप्राय सभ्य होता. पाठाचा हेतू साध्य झाला नाही, कुणीही जेवण मागवलं नाही. शिक्षिकेचं बोलणं चार टक्के, हे प्रमाण उल्लेखनीय, पण त्यातला बराच वेळ शिक्षिका तोंड उघडं ठेवून उभी होती. पाठ अमान्य. मार्चअखेर एकदाच पुन्हा देता येईल.

त्या संध्याकाळी ताटं उचलताना प्रभाकरराव म्हणाले, "वाक्य मात्र बरोबर होतं."

मॅडमनी मान हलवली. मग त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. पर्समधलं ओळखपत्र काढून परत ठेवलं. ब्राझीलची ती मुलगी पास झाली होती, तुर्कस्तानचे मास्तरही. आता सोडून द्यावं, असं त्यांना वाटलं. माणसाला एखादी गोष्ट हवी असते, आणि ती हवी असण्यातच बरी असते, असंही वाटलं. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या, हे त्यांना वाटतानाच कळत होतं.

चार दिवसांनी प्रभाकररावांनी खिशातून ते पत्र काढलं. 'आवारात' या शब्दाखाली पेनाने एक रेघ मारलेली होती. "आवारात नको म्हणतात," ते म्हणाले. "बस आवारात नसते. फाटकाबाहेर उभी असते. आणि ती कंत्राटदाराची आहे, कंपनीची नाही."

मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांना हा माणूस एवढा देखणा कधी वाटला नव्हता.

बसचा ड्रायव्हर भीमराज. त्याने विचारलं, "किती वेळ पाहिजे, मॅडम?"

"चाळीस मिनिटं. मध्ये खंड न पडता."

"चाकण ते मोशी सव्वा तास लागतो. ट्रॅफिकमध्ये बस हलतच न्हाई. तुमी दोन पाठ घ्या."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या रस्त्यावर कंटेनर, ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि कांद्याच्या पिकअप अशा एकमेकांत अडकतात की लोक गाडीतच डबा खातात, लग्नं जमवतात. पाठ घ्यायला याहून स्थिर जागा मिळाली नसती. मॅडमनी विषय बदलला. जेवण नको. 'आय वॉन्टेड टू', म्हणजे मला पूर्वी काय करायचं होतं. पुठ्ठ्यावर एक आडवी रेघ काढली, डावीकडे 'वॉन्टेड' आणि उजवीकडे 'नाऊ'. मोबाइल समोरच्या सीटच्या दांडीला रुमालाने बांधला.

बरोबर साडेचारला बस निघाली आणि पाहतात तर रस्ता रिकामा. कुणी मंत्री येणार होते. चौकाचौकांत पोलीस, ट्रक सगळे बाजूला. भीमराज सात वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवत होता, त्याने चौथा गिअर पहिल्यांदाच टाकला. मॅडम दांडीला धरून उभ्या, 'वॉन्टेड' शब्द तोंडातून निघेपर्यंत एक चौक मागे पडत होता. बावीस मिनिटांत मोशी दिसू लागली. मोशीला छबूबाई उतरणार, मग सहाचे पाच होणार, आणि पाच विद्यार्थ्यांचा पाठ विद्यापीठ धरत नव्हतं.

"भीमराज, हळू," मॅडम कुजबुजल्या.

"मागं पोलिसाची गाडी हाय, मॅडम. थांबू देत न्हाईत."

मग त्याने काय केलं, तर बस डाव्या हाताला एका बंद वजनकाट्याच्या मोकळ्या जागेत घातली आणि इंजिन बंद केलं. बसमध्ये चाळीस माणसं होती. त्यांतली चौतीस विद्यार्थी नव्हती. मागून कुणी तरी म्हणालं, "ओ, कवा नव्हं ते आज उजेडात घरी चाललोय. पोरगी वाट बघती. चला की."

तो माणूस चुकीचं काहीच बोलत नव्हता. दत्तोबा उठून उभे राहिले. "अठरा मिनिटं," ते म्हणाले. "बाईंची परीक्षा आहे. ज्याला घाई आहे त्याने उतरावं, रिक्षा समोर आहे."

कुणी उतरलं नाही. पंखे नसलेल्या त्या बसमध्ये लोक खिडक्या उघडून बसून राहिले. मॅडमनी पुठ्ठा वर धरला.

दत्तोबा म्हणाले, "आय वॉन्टेड टू बी सुभेदार."

असेंब्लीतला एक जण म्हणाला, "आय वॉन्टेड टू मॅरी..." आणि तिथेच थांबला. बस हसली, पण हळू. मॅडमनी वाक्य पूर्ण करायला लावलं नाही.

नवनाथ हलकेच शड्डू ठोकून म्हणाला, "आय वॉन्टेड टू रेसल. माय फादर सेड नो."

छबूबाई बराच वेळ ओठ हलवत होत्या. "आय वॉन्टेड टू गो स्कूल," त्या म्हणाल्या. "थर्ड क्लास. ओन्ली थर्ड." मोशीच्या शाळेत तिसरीपर्यंत जायचं होतं, त्याहून जास्त मागायची त्यांची छाती झाली नव्हती.

मग मागच्या सीटवरचा तो घाईतला माणूस उभा राहिला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "आय वॉन्टेड टू गो होम अर्ली टुडे," तो म्हणाला, आणि वाक्यात एकही चूक नव्हती. टाळ्या पडल्या. पलीकडे मोबाइलमध्ये हेलनबाई काही तरी भराभर लिहीत होत्या.

तीन मिनिटं उरली. छबूबाई मॅडमकडे वळल्या. "अँड यू, मॅडम? यू वॉन्टेड?"

सगळी बस बघत होती. मॅडमनी मनातल्या मनात टक्के मोजले, अजून थोडं बोलता येत होतं. "आय वॉन्टेड टू स्टडी," त्या म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला.

नवनाथने वहीत मान घातली, पुठ्ठ्यावरची रेघ पाहिली, परत मॅडमकडे पाहिलं. "मॅडम," तो म्हणाला, "वॉन्टेड? ऑर वॉन्ट?"

मॅडमनी तोंड उघडलं. सव्वीस वर्षं फळ्यावर काळ ओळखा असं लिहून त्यांनी मुलांना रडकुंडीला आणलं होतं. आता पुठ्ठा हातात होता, रेघ समोर होती, आणि बोट तिच्यावर कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. हेलनबाईंचा वेळ संपल्याचा आवाज मोबाइलमधून आला. भीमराजने इंजिन सुरू केलं.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. पास. उत्तम नाही, चांगला नाही, नुसता पास. अभिप्रायात विद्यार्थ्यांचा सहभाग 'असामान्य' म्हटला होता. शेवटी एक ओळ होती: 'विद्यार्थ्याच्या अखेरच्या प्रश्नाला शिक्षिकेने उत्तर दिलं नाही.' उद्धवराव पेढे मागायला आले आणि पदविकेचा फोटो सोसायटीच्या फळ्यावर लावायला नियम आड येत नाही, असं सांगून गेले. तिकडे पदवीदान समारंभ होता, त्याचं निमंत्रण आलं होतं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि 'येऊ शकत नाही' या पर्यायावर बोट ठेवलं. बोट उचलायला थोडा वेळ लागला.

पुढच्या बुधवारी त्यांना चाकणला जायचं काही कारण नव्हतं. तरी दुपारी त्या दुसऱ्या शिफ्टच्या बसमध्ये बसून गेल्या, फाटकाबाहेर चहा घेत थांबल्या आणि साडेचारच्या बसमध्ये चढल्या. कुणी कारण विचारलं नाही. छबूबाईंनी सरकून जागा केली. त्या दिवशी मंत्री नव्हते. पहिल्याच चौकात बस रुतली.

पुढच्या सीटवर नवनाथ खिडकीशी बसला होता. मॅडमनी त्याच्या खांद्यावर बोट टेकवलं.

"नवनाथ, त्या दिवशी तुम्ही एक विचारलं होतं."

"व्हय," तो वळून म्हणाला. त्याने वही काढली, पान उघडलं. प्रश्न त्याने लिहून ठेवला होता, आणि खाली एक ओळ कोरी सोडली होती.

"वॉन्ट," मॅडम म्हणाल्या.

नवनाथने तो शब्द सावकाश लिहिला. लिहून झाल्यावर त्याकडे बघत राहिला. "म्हंजी मॅडम, अजून हाय?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "अजून आहे."

नवनाथने मान डोलावली, जणू आपल्यालाही तेच वाटत होतं, आणि पेनाचं टोपण लावलं. बाहेर कांद्याचा एक ट्रक बसला चिकटून उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून पुढे बघत होता. पुढे हलण्यासारखं काहीच नव्हतं.